चेन बदलायची कधी?

व्हिडिओत मी चेनचा तुकडा हातात धरून बोलत होतो. तो इथे दिसणार नाही. म्हणून जमलं तर हा भाग सायकलजवळ बसूनच वाचा. सायकल कोणतीही चालेल. आजोबांची काळी दांड्याची, मुलीची शाळेची, नाहीतर तुमची बावीस गिअरची.

चेन बदलायची कधी, या प्रश्नाला आपल्याकडे तीन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, ‘आवाज यायला लागला की’. दोन, ‘तुटली की’. तीन, ‘इतके हजार किलोमीटर झाले की’. पहिलं उत्तर चुकीचं, कारण आवाज बहुतेक वेळा तेल संपल्याचा असतो, झिजेचा नाही. पुरती झिजलेली चेनसुद्धा भरपूर तेल घातलं तर गुपचूप चालते. दुसरं उत्तर धोक्याचं आहे. तिसऱ्यात थोडं तथ्य आहे, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. बेंगळुरूच्या स्वच्छ डांबरी रस्त्यावर रविवारी फिरणारी चेन आणि पावसाळाभर रत्नागिरीच्या लाल चिखलातून रोज कॉलेजला जाणारी चेन, यांचं आयुष्य एका आकड्यात बसत नाही.

धोक्याचं आधी बोलू, कारण यात नुसते पैसे नाहीत. झिजलेली चेन सपाट रस्त्यावर त्रास देत नाही. ती दगा देते ती जोर लावल्यावर. चढ आला, तुम्ही सीटवरून उठलात, सगळं वजन एका पायडलवर टाकलंत, आणि नेमक्या त्या क्षणी चेन दात्यावरून घसरून पुढच्या दात्यावर पडली. पायाखालचा आधार एकदम जातो. गुडघा हँडलवर नाहीतर छाती हँडलवर. सिग्नल सुटल्यावर मागे बस असताना असं झालं तर काय, ते मी सांगायला नको. मागे दुधाचे कॅन लावलेल्या सायकलवर, पोराला डबलसीट घेतलेल्या सायकलवर, हा झटका आणखी वाईट बसतो. म्हणून चेनकडे ‘चालतेय तोवर चालू दे’ म्हणून बघू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता झीज म्हणजे नेमकं काय ते बघू. सगळे म्हणतात, ‘चेन ताणली गेली’. मीही म्हणतो, सवयीने. पण लोखंडाच्या पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. तुमच्या पायाच्या जोराने तर नाहीच. चेन लांब होते ती सांध्यांतून. चेनची एक कडी आतली, एक बाहेरची, पुन्हा एक आतली, अशी रचना असते. दोन कड्यांना जोडणारी पिन असते आणि पिनवर फिरणारा रोलर. दात्याला टेकतो तो हा रोलर. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि मँचेस्टरला स्थायिक झालेले हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं. आज आपण वापरतो ती चेन मूळ कल्पनेत तीच आहे. एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. लुधियानाच्या सायकलवर तेच, जपानी गिअरच्या सायकलवरही तेच. मध्ये शिमानोने १० मिलिमीटरची चेन काढून बघितली होती, ती टिकली नाही. अर्ध्या इंचाने सगळ्यांना पुरून उरलंय.

चेन चेनव्हीलवर चढताना आणि मागच्या चक्रावर चढताना प्रत्येक कडी वळते. वळते म्हणजे पिन आणि तिच्या भोवतीचा भाग एकमेकांवर घासतात. त्यात धुळीचा कण गेला की तो सहाणेसारखं काम करतो. पिन बारीक होते, भोक मोठं होतं, सांध्यात हालचाल येते. किती? आपण जिला ‘अर्धा टक्का झिजलेली’ म्हणतो त्या चेनच्या एकेका सांध्यात सरासरी ०.०६ मिलिमीटर. साधारण डोक्यावरच्या एका केसाची जाडी. नुसत्या डोळ्याने दिसणारच नाही. पण चेनला असे सांधे शंभराच्या वर असतात. ११२ कड्यांची चेन धरली तर अर्ध्या टक्क्याला ती ७ मिलिमीटर लांब होते, एक टक्क्याला १४. केसाकेसाने बोटाएवढं.

मग लांब झाली तर बिघडलं कुठे? बिघडतं ते दात्यांचं. चक्राचे दाते अर्ध्या इंचाच्या हिशोबाने कापलेले आहेत. चेन त्याच हिशोबात आहे तोवर गुंडाळलेल्या सगळ्या कड्या भार वाटून घेतात. चेन लांब झाली की कड्यांना दात्यांच्या बुडाशी नीट बसता येत नाही. त्या दात्याच्या उतारावर वर सरकून बसतात आणि भार एक-दोन दात्यांवर येतो. ते दाते मग एका बाजूने खरवडले जातात. आधी दोन दात्यांमधली वाटी एका अंगाला पसरते, मग दाता आकड्यासारखा वाकडा दिसू लागतो. म्हणजे झिजलेली चेन स्वतः झिजून थांबत नाही, ती चक्राला आपल्या मापाचं करून घेते. जुनी चेन आणि जुनं चक्र यांचं मग छान जुळतं. नवी चेन आणली की ती त्या चक्रावर बसत नाही, आणि लोक म्हणतात, ‘नवी चेन खराब निघाली’. खराब चेन नसते, चक्र असतं.

यात छोटं चक्र आधी जातं. ११ दात्यांच्या चक्रावर भार वाटायला दाते कमी आणि प्रत्येक दात्याची पाळीही लवकर येते. काळ्या सायकलवर पुढे ४४ किंवा ४८ दाते, मागे १८. मागचं चक्र पुढच्याच्या अडीच पट फिरतं, म्हणून फ्रीव्हील आधी आणि चेनव्हील बऱ्याच उशिरा जातं. दुकानदाराने तिन्ही एकदम बदलायला सांगितलं तर दाते बघितल्याशिवाय हो म्हणू नका. मोटरसायकलला चेन आणि दोन्ही चक्रं मिळून एक किट विकतात, त्याची ही सवय आहे. सायकलला तसा नियम नाही.

मोजायचं कसं, ते आता. यासाठी महाग हत्यार लागत नाही. शाळेच्या कंपासमधली नको, पण ३० सेंटिमीटरची स्टीलची फूटपट्टी लागते. प्लॅस्टिकची पट्टी आणि शिंप्याची टेप दोन्ही बाद. आपण मिलिमीटरच्या भागाबद्दल बोलतोय, आणि टेप तर स्वतःच ताणली जाते. चेन आधी कापडाने पुसून घ्या, म्हणजे पिनची डोकी दिसतील. मागचा ब्रेक दाबून धरा आणि पायडलवर थोडा जोर द्या. वरची चेन ताठ होईल. पट्टीचं टोक झिजलेलं असतं, म्हणून शून्यापासून मोजू नका. १ सेंटिमीटरची खूण एका पिनच्या बरोबर मध्यावर ठेवा. तिथून २० कड्या मोजा, आतली एक, बाहेरची एक, अशा प्रत्येक कडीला धरून. विसाव्या कडीच्या शेवटच्या पिनचा मध्य कुठे येतो बघा.

नव्या चेनवर तो २६.४ सेंटिमीटरवर येईल. कारण २० अर्धे इंच म्हणजे १० इंच, म्हणजे २५.४, आणि आपण १ पासून सुरुवात केली. आता तो १.३ मिलिमीटर पुढे गेला असेल तर झीज अर्धा टक्का. १.९ मिलिमीटर पुढे, तर पाऊण टक्का. अडीच मिलिमीटर पुढे, तर एक टक्का. हे तीन आकडे सायकलच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल. ज्यांच्याकडे इंचाची पट्टी आहे त्यांनी २४ कड्या मोजाव्यात. त्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. एक सोळांश इंच जास्त म्हणजे अर्धा टक्का, एक अष्टमांश म्हणजे एक टक्का.

एकाच जागी मोजून थांबू नका. पायडल फिरवून तीन ठिकाणी मोजा. विशेषतः जुनी सायकल विकत घेतली असेल तर. कधी तरी चेन तुटलेली असते आणि मिस्त्रीने दुसऱ्याच कुणाच्या चेनच्या चार कड्या घालून काम भागवलेलं असतं. त्या चार कड्यांचं माप वेगळंच निघतं.

चेन मोजायचा एक चपटा गेजही मिळतो, दोन टोकांना आकडे असलेला. तो चेनमध्ये घालायचा, पूर्ण आत पडला तर बदला, नाही पडला तर चालू द्या. सोपं आहे, पण त्यात एक गोम आहे. साधा गेज दोन रोलरना विरुद्ध दिशांना ढकलतो, त्यामुळे पिनच्या झिजेत रोलरची सैलही मोजली जाते. रोलर सैल असल्याने चेन लांब होत नाही, पण गेज तुम्हाला घाई करायला लावतो. तीन ठिकाणी टेकणारे गेज असतात, ते रोलर एकाच बाजूला ढकलतात आणि खरं माप देतात. श्रॅमच्या काही बारा गिअरच्या चेनचे रोलरच मोठे आहेत, त्यावर साधा गेज भलतंच सांगेल. पट्टीने पिन ते पिन मोजलं तर यातला एकही घोळ होत नाही. मी अजून पट्टीच वापरतो.

दुकानात अजून एक रीत बघायला मिळते. चेनव्हीलच्या पुढच्या टोकाला चेन चिमटीत धरून पुढे ओढायची. दाता पूर्ण दिसला की चेन गेली. ही चाचणी अगदी गेलेल्या चेनसाठी ठीक आहे. अर्धा टक्का आणि पाऊण टक्का यातला फरक ती सांगू शकत नाही, आणि निर्णय तर नेमका तिथेच असतो.

तर निर्णय. मागे ११ किंवा १२ चक्रं असतील तर अर्ध्या टक्क्याला बदला. ६ ते १० असतील तर पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येतं. गिअर नसलेल्या सायकलला एक टक्का. फरक का? जास्त चक्रांची चेन अरुंद, तिच्या कॅसेटचे दाते बारीक, आणि कॅसेट महाग. काळ्या सायकलचे दाते जाड, चेन रुंद आणि सरळ रेषेत धावणारी. ती थोडी झीज निमूट सोसते.

गिअरच्या सायकलवर मोजणं जास्त गरजेचं आहे, याचं कारण वेगळं आहे. चेन सैल झाली तरी तिथे ते दिसत नाही. मागच्या डिरेलरची स्प्रिंग सगळी सैल गिळून टाकते. चेन चौदा मिलिमीटर लांब झाली तरी वरून ताठच्या ताठ. काळी सायकल बिचारी प्रामाणिक असते, तिची चेन लोंबते, कव्हरवर खडखड आपटते, खड्ड्यात उतरते. मग आपण मिस्त्रीकडे जातो.

आणि तिथे जे होतं त्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. मिस्त्री मागच्या चाकाचे नट सैल करतो, चाक मागे ओढतो, नट आवळतो. चेन ताठ. काही महिन्यांनी पुन्हा तेच. असं करत चाकाचा आस खाचेच्या शेवटी जाऊन टेकतो. आता ओढायला जागा नाही. मग मिस्त्री म्हणतो, ‘कडी काढून देतो’. एक आतली आणि एक बाहेरची अशी जोडी काढतो, चाक पुन्हा पुढे येतं, चेन पुन्हा ताठ. दहा-वीस रुपयांत काम झालं, गिऱ्हाईक खूश.

हिशोब करून बघा. काढलेली जोडी म्हणजे एक इंच, २५.४ मिलिमीटर. ११२ कड्यांच्या चेनची मूळ लांबी सुमारे १४२ सेंटिमीटर. नवी चेन घातली तेव्हा चाक खाचेत जिथे होतं, जोडी काढल्यावर ते पुन्हा जवळपास तिथेच आलं असेल, तर याचा अर्थ चेन या मधल्या काळात एक इंच लांब झाली होती. १४२ सेंटिमीटरमध्ये एक इंच म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या वर. एक टक्क्याला बदलायची चेन! कडी काढून चेनची लांबी कमी झाली, पण उरलेल्या प्रत्येक कडीचं माप बिघडलेलं ते बिघडलेलंच राहिलं. ती चेन फ्रीव्हील खात राहणार. चाक सुरुवातीलाच खाचेत मागे बसवलं असेल तर झीज इतकी नसेल, म्हणून मी सरसकट म्हणत नाही. पट्टी लावा. पण ‘कडी काढून देतो’ हे शब्द ऐकले की माझ्या लेखी चेनची मुदत आधीच टळून गेलेली असते. मिस्त्री फसवतोय असं नाही हं. गिऱ्हाइकाच्या खिशात वीस रुपये आहेत हे बघूनच तो बिचारा तो उपाय करतो.

आता पैशांचं गणित. सायकलप्रेमी लोक एकच मंत्र सांगतात, की चेन वेळेवर बदला, कॅसेट वाचवा. प्रत्येकाला ते परवडतं का? मी एक हिशोब मांडतो. यातले आकडे गृहीत धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा वेळेवर बदलत गेलात तर एक चेन ३,००० किलोमीटर चालते आणि अशा तीन चेन होईपर्यंत कॅसेट टिकते. म्हणजे ९,००० किलोमीटरला तीन चेन आणि एक कॅसेट. दुसरा मार्ग म्हणजे काहीच बदलायचं नाही, दोन्ही एकत्र झिजू द्यायचं, आणि समजा ६,००० किलोमीटरला दोन्ही एकदम टाकून द्यायचं. एक चेन, एक कॅसेट.

बारा गिअरची सायकल घ्या. चेन ३,००० ची, कॅसेट १२,००० ची समजू. वेळेवर बदलण्याचा खर्च ९,००० किलोमीटरला २१,००० रुपये, म्हणजे हजार किलोमीटरला सुमारे २,३३०. झिजू देण्याचा खर्च ६,००० किलोमीटरला १५,०००, म्हणजे हजाराला २,५००. वेळेवर बदलणं स्वस्त. आता काळी सायकल. चेन १५० ची, फ्रीव्हीलही १५० चं धरू. वेळेवर बदलण्याचे हजार किलोमीटरला ६७ रुपये, झिजू देण्याचे ५०. इथे उलटं झालं! या गृहीतकांवर काटा बरोबर तीन पटीवर येतो. चक्रांची किंमत चेनच्या तिप्पटीहून जास्त असेल तर चेन लवकर बदला, कमी असेल तर दोन्ही बरोबर झिजवून बरोबर बदलणंही शहाणपणाचंच. पुढचं चेनव्हीलही जात असेल तर त्याची किंमत चक्रांत मिळवा, मग काटा सरकतो. तुमच्याकडे कॅसेट तीनऐवजी चार चेन टिकत असेल तरी सरकतो.

म्हणजे रोज कामावर जाणाऱ्या माणसाला ‘तू चेन वेळेवर बदलत नाहीस’ म्हणून शहाणपण शिकवायचं काही कारण नाही. तो जोडीने झिजवतोय, त्याचा हिशोब चोख आहे. फक्त मधला मार्ग घेऊ नये. एक टक्क्याच्या बऱ्याच पुढे गेलेली चेन काढून तेवढीच नवी घालायची आणि फ्रीव्हील जुनंच ठेवायचं, हा सगळ्यात महागडा पर्याय. नवी चेन घसरेल, तुम्ही तरी चालवाल, आणि जुनं फ्रीव्हील नव्या चेनला आपल्या वळणावर नेईल. एक टक्क्यापलीकडे गेला असाल तर एक तर दोन्ही बदला, नाहीतर दोन्ही चालू द्या. आणि चालू देण्याला हद्द आहे. जोर लावल्यावर एकदा जरी घसरली, तर त्या दिवसापासून नाही. तिथे रुपयांचा हिशोब संपतो.

झिजेचं माप काहीही असो, काही चेन लगेच काढायच्या असतात. पट्टीला तडा गेलेली. कडी पिळवटलेली, जी मागच्या चक्रावरून जाताना दर फेरीला टक् करते. गंजून सांधे आखडलेले आणि तेल, रॉकेल दोन्ही करूनही न सुटलेले. बाहेरची पट्टी पिनवरून सुटत चाललेली. चेन तुटते ती बहुतेक अशा जागी, नुसत्या झिजेने क्वचित.

पाऊण टक्क्याच्या आसपास नवी चेन घातली आणि कॅसेट जुनीच ठेवली, तर ती जमली का हे रस्त्यावर जाऊन बघावं लागतं. दाते बघून नेहमी कळत नाही. रिकाम्या रस्त्यावर जा, सीटवर बसूनच राहा, उभे राहू नका. रोज ज्या गिअरमध्ये जास्त चालवता तो लावा, मागचा ब्रेक हलका दाबून पायडलवर जोर वाढवत न्या. मग शेजारचे गिअर. घसरली तर बहुधा एक-दोन आवडत्या चक्रांवरच घसरेल, बाकीच्यांवर नाही. आपली सवय कॅसेटवर कोरलेली असते.

चेन टिकवायची असेल तर तेलापेक्षा धूळ जास्त महत्त्वाची. उत्तरेकडे कोरडी बारीक धूळ, किनाऱ्यावर खारी हवा, घाटमाथ्यावर चार महिने चिखल. तेल आणि धूळ एकत्र झाली की घासायची पेस्ट तयार होते. म्हणून तेल घालून झाल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसायची. तेल पिनच्या आत हवं, बाहेरचं फक्त धूळ धरतं. ग्रीस बाहेरून थापलं तर आत जातच नाही. गाडीचं काढलेलं काळं ऑइल फुकट मिळतं, पण त्यात इंजिनच्या धातूचा चुरा असतो, तो आपण हौसेने सांध्यात भरतो. खोबरेल तर नकोच. २४ अंशांच्या खाली ते थिजतं, आणि इंदूरच्या किंवा दिल्लीच्या थंडीत चेनवर मेणासारखं बसतं. चेनचं वेगळं तेल नसेल तर शिलाई मशीनचं तेल चालेल, मात्र ते पातळ असतं, पावसात धुऊन जातं, वरचेवर घालावं लागतं. नवी चेन रॉकेलमध्ये बुडवून ‘साफ’ करायची पद्धत काही ठिकाणी आहे. तसं करू नका. कारखान्यातून येताना तिच्या सांध्यांत वंगण भरलेलं असतं, ते रॉकेलने निघून जातं आणि तिथे पुन्हा तसं भरणं आपल्याला जमत नाही.

आणि काळ्या सायकलचं ते पूर्ण चेनकव्हर. खडखडतं म्हणून लोक काढून भंगारात देतात. त्याच्याइतकं चेनचं रक्षण कुठलंही तेल करत नाही. खडखडतंय तर एक स्क्रू आवळा.

नवी चेन घेताना मागची चक्रं मोजून जा. ६, ७ आणि ८ चक्रांना एकच चेन चालते. ९, १०, ११, १२ यांची प्रत्येकाची वेगळी. गिअर नसलेल्या काळ्या सायकलची चेन रुंद, ती गिअरच्या सायकलला लावायचा प्रयत्न करू नका. जुनी चेन बरोबर न्या आणि दुकानातल्या खिळ्यावर दोन्ही शेजारी लटकवा. वरच्या पिना एका रेषेत, खाली बघा. जुनी किती खाली आली ते दुकानदारालाही दिसेल, तुम्हालाही. त्याला मराठी येत नसलं तरी हे त्याला समजतं.

फक्त कापताना लांबी जुळवू नका, कड्या मोजा. जुनी चेन लांब झालेली आहे, तिच्या लांबीवर नवी कापली तर एक कडी जास्त राहण्याचा संभव असतो. जुनीच्या कड्या मोजा आणि नवी तेवढ्याच कड्यांची ठेवा. मात्र काळ्या सायकलच्या जुन्या चेनमधून कधी जोडी काढलेली असेल, तर तेवढी जोडी नवीत धरा, नाहीतर नवी चेन पोहोचणारच नाही. कापलेला तुकडा आणि जादा लॉक पिशवीत घालून सीटखाली ठेवा. काळ्या सायकलच्या लॉकवर माशाच्या आकाराची क्लिप असते. तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. उघडं तोंड पुढे राहिलं तर कव्हरला किंवा काटकीला अडकून क्लिप निघते, आणि नवी कोरी चेन रस्त्यावर पडते.